एकाच पॅनलचे दोन आकडे

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, आम्ही देवगडजवळ राहतो. प्रकल्पासाठी त्याने छोटं सोलर पॅनल आधी हॅलोजनखाली तपासलं, मग एलईडीखाली. मोबाइलच्या लक्समीटरवर उजेड सारखाच, पण एलईडीखाली करंट फारच कमी. दुकानदार म्हणतो पॅनल खराब. पोराला पटत नाही, तो त्यातच अडकलाय. आता म्हणतो, सोलरमध्येच करिअर करायचं. काय करावं?

उत्तर : पॅनल बहुतेक ठणठणीत आहे. पोराला पटलं नाही, हे मला फार आवडलं.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे. डोळा हिरवट-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो, इन्फ्रारेड त्याला दिसतच नाही. सिलिकॉन मात्र साधारण ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश पकडतं. हॅलोजन इन्फ्रारेड भरभरून ओततो. पांढऱ्या एलईडीचा उजेड ७०० च्या आसपास जवळजवळ संपतो. म्हणून लक्स सारखे असले तरी करंट वेगळा. सिलिकॉनची ही मर्यादा ठरते बँड गॅपवरून, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणाऱ्या किमान ऊर्जेवरून. बारावीच्या सेमीकंडक्टरच्या धड्यातला बँड गॅप तो हाच, परीक्षेपुरता घोकला जाणारा.

पॅनलवर छापलेले वॅट ठरावीक अटींवरचे असतात : चौरस मीटरला १००० वॅट, सेलचं तापमान २५ अंश आणि एएम १.५ नावाचा प्रमाणित सौर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती, याची ठरलेली वाटणी. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम सूर्याचा, म्हणजे सोलर सिम्युलेटरचा स्पेक्ट्रम त्याच्याशी किती जुळतो, यावर त्याचा दर्जा ठरतो. उरलेल्या फरकाची दुरुस्ती गणिताने करतात. हे मोजमापाचं काम आहे, छपरावर पॅनल बसवण्यापेक्षा अगदी वेगळं. तेही काम चांगलंच, पण तुमच्या मुलाचा ओढा तिकडे दिसत नाही.

म्हणून नावात 'सोलर' आहे एवढ्यावर कोर्स निवडू नका. माझं मत विचाराल तर बीएस्सी फिजिक्स, रत्नागिरीत गोगटे-जोगळेकरला करता येईल. पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. पवईच्या आयआयटीत २०१० पासून फोटोव्होल्टाइक, म्हणजे उजेडापासून थेट वीज बनवण्याच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. इंजिनीअरिंगच हवं असेल, तर सीईटी देऊन इन्स्ट्रुमेंटेशन. नोकऱ्या चाचणी प्रयोगशाळांत आणि पॅनल कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात असतात. त्या कोकणात फारशा नाहीत, घर सोडावं लागेल. ही तयारी तुमचीही हवी.

तोवर त्याला तेच पॅनल भर दुपारच्या उन्हात धरून शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनलची दोन टोकं थेट अँमीटरला जोडल्यावर वाहणारा करंट, मोजू द्या. एकदा कोरड्या हवेत, एकदा पावसाळ्यातल्या उघडिपीत. हवेतली वाफ इन्फ्रारेडचा काही भाग गिळते. किनाऱ्यावर राहण्याचा एवढा फायदा घ्यावा. पॅनलचं तापमानही लिहून ठेवायला सांगा. आणि हे सगळं प्रिलिम झाल्यावर.