भारतीय सिनेमातली पहिली अभिनेत्री कोण? देविका राणी की आणखी कोणी?

तुमच्या क्लासच्या नोट्समध्ये देविका राणी लिहिलंय म्हणता, तर ते खोडा. त्या पडद्यावर आल्या १९३३ मध्ये. त्याच्या वीस वर्षं आधी एक मराठी आई आणि तिची मुलगी एकाच चित्रपटातून पडद्यावर आल्या होत्या: दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले.

१९१३ मध्ये फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिरात देऊन झाली, वेश्यावस्तीत जाऊन विचारून झालं, तिथूनही नकारच आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला आचारी, अण्णा साळुंके, पंधरा रुपये पगारावर तारामती झाला. आज जी रिळं बघायला मिळतात त्यात तारामती आणि तिच्या सख्यांच्या जलक्रीडेचा प्रसंग आहे. ओल्या लुगड्यांतल्या त्या सगळ्या 'सख्या' पुरुषच आहेत. एकदा हे कळलं की त्यांच्या खांद्यांवरून नजर हटत नाही.

त्याच वर्षी फाळके मुंबई सोडून नाशिकला गेले आणि तिथे 'मोहिनी भस्मासुर' केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई आणि मोहिनी झाली तेरा-एक वर्षांची कमला. ज्या कामाला वेश्याही नाही म्हणत होत्या, त्याला या दोघी कशा तयार झाल्या? दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी. पोटासाठी नाटक कंपनीत शिरल्या आणि जातभाईंनी वाळीत टाकायचं तेव्हाच टाकून झालं होतं. सिनेमाने आणखी काय बिघडणार होतं? कमला तर चार वर्षांची असल्यापासून रंगमंचावर उभी राहत होती. कॅमेरा तेवढा नवा.

पण या चित्रपटानंतर लगेच बायकांना दार उघडलं असं समजू नका. फाळक्यांच्याच १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये रामही अण्णा साळुंके आणि सीताही तेच!

कमलाबाईंचं खरं आयुष्य मात्र नाटकातलं. सिनेमे त्यांनी पुढे पस्तीसेक केले, शेवटचा १९८० चा 'गहराई', पण पोट भरलं ते नाटकावर. चित्ताकर्षक नाटक मंडळीतल्या रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं, रंगमंचावरही जोडी जमली. पंचविशीच्या आसपास वैधव्य आलं. तीन मुलगे वाढवायचे होते, म्हणून कंपनी म्हणेल ती भूमिका केली, त्यात पुरुषाच्याही आल्या. साळुंके मिशी काढून राणी होत होता आणि पडद्यावरची पहिली मोहिनी पुरुषवेषात उभी राहत होती. मला विचाराल तर, 'पहिली अभिनेत्री' या बिरुदापेक्षा त्यांच्याबद्दल हे जास्त सांगायला हवं.

मुलांपैकी चंद्रकांत गोखले नट झाले (विक्रम गोखले त्यांचे चिरंजीव), लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. लालजी थेट तबल्याचे उस्ताद अहमदजान थिरकवाँचे शिष्य.

नव्वदीच्या आसपासच्या कमलाबाईंवर रीना मोहन यांनी 'कमलाबाई' याच नावाचा माहितीपट केलाय. मिळाला तर बघाच. उत्तरापुरतं म्हणाल तर पहिल्या अभिनेत्री दुर्गाबाई, कारण दोघींत थोरल्या त्या. आणि प्रश्नात 'पहिली नायिका' असेल तर कमलाबाई, कारण मोहिनी ती होती.