प्रिटोरियातल्या बागेत दिसलेली, डोळे न मिटणारी छोटी सापसुरळी कोणती?

बोटाएवढं तपकिरी अंग, कुशीवर गडद पट्टा, त्याखाली पांढरी रेघ आणि कधीच न मिटणारे डोळे, या तुमच्या वर्णनावरून ही बहुधा पॅनॅस्पिस वाह्लबर्गी ही प्रजाती आहे (पॅनॅस्पिस हे वंशाचं नाव).

पांढऱ्या रेघेवर मात्र विसंबू नका. ट्रॅकिलेपिस व्हेरिया या मोठ्या सापसुरळीलाही ती असते. पण तिच्या पाठीच्या खवल्यांवर कंगोरे असतात आणि खालची पापणी हलते. पॅनॅस्पिस वाह्लबर्गीचे खवले गुळगुळीत, चकचकीत असतात. तिची खालची पापणी पारदर्शक होऊन डोळ्यावर कायमची बसलेली असते, सापासारखी.

याच डोळ्याने अभ्यासकांना दीडशे वर्षं चकवलं. प्राणिशास्त्रज्ञ अँड्र्यू स्मिथ यांनी १८४९ मध्ये तिला स्वीडिश संग्राहक वाह्लबर्ग यांचं नाव दिलं आणि क्रिप्टोब्लेफॅरस वंशात टाकलं. नंतर ती अब्लेफॅरस वंशात गेली. या वंशांतल्या सापसुरळ्यांचे डोळे सारखे, म्हणून नातंही असणार असा समज. प्रत्यक्षात असा झाकलेला डोळा सापसुरळ्यांमध्ये अनेकदा स्वतंत्रपणे घडला आहे. जीव जितका लहान तितकं उघड्या डोळ्यातून पाणी उडून जाणं महागात पडतं, हे त्यामागचं कारण मला पटतं.

तुमच्या मित्राने हिच्या वंशासाठी सांगितलेलं आफ्रोअब्लेफॅरस हे नाव १९७४ चं, सरीसृप-अभ्यासक ग्रीर यांचं. जुन्या पुस्तकांत तेच सापडेल. २०१६ च्या डीएनए अभ्यासात डोळे झाकलेल्या आणि पापणी हलणाऱ्या प्रजाती वंशावळीत एकमेकींत मिसळलेल्या निघाल्या, त्यामुळे सगळ्या पॅनॅस्पिसमध्ये आल्या.

आता 'बहुधा' का म्हटलं ते. त्याच अभ्यासात वाह्लबर्गी ही एक प्रजाती नसून दिसायला सारख्या, पण जनुकीयदृष्ट्या वेगळ्या अनेक शाखांचा गट असल्याचं दिसलं. पॅनॅस्पिस मॅक्युलिकॉलिस ही प्रजाती तर २००० मध्येच वेगळी काढली गेली होती. तिच्या नराच्या मानेवर काळ्या रंगात पांढरे ठिपके असतात. बाकीच्यांना अशी ठळक खूण नाही. म्हणून फोटोइतकंच नेमकं ठिकाणही मोलाचं आहे, ते जरूर नोंदवा. डोळा आणि मान बाजूने, अगदी जवळून टिपा. पाठीचे खवले स्पष्ट दिसू द्या. जमलं तर पोटही टिपा. विणीच्या काळात नराचं पोट नारिंगी-गुलाबी होतं. पकडायच्या फंदात पडू नका, शेपटी पटकन तुटते. नोंदीत सध्या 'वाह्लबर्गी गट' एवढंच लिहा.