शेवाळ खाणारी समुद्री गोगलगाय मागवू का?

प्रश्न : आमची दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दिवाळीपासून दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलंय, उपटलं की आठवड्यात परत येतं. मुंबईचा दुकानदार म्हणतो, "शेवाळ खाणारी हिरवी गोगलगाय रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो. ती उजेडावरच जगते, वेगळं खाणं लागत नाही." मागवू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी शेवाळ ओळखा. एक झुपका पांढऱ्या वाटीत पाण्यात सोडून भिंगातून पाहा. पिसासारख्या फांद्या दिसल्या तर ते ब्रायोप्सिस. मऊ तंतू असतील आणि पाण्याबाहेर काढताच त्यांचा लगदा होत असेल, तर बहुधा डर्बेसिया. हे दोन्ही ती खाते. बोटांना राठ, तारेसारखं लागलं तर क्लॅडोफोराची शक्यता जास्त. मग मागवूच नका. लाल बुळबुळीत थराकडे तर ती ढुंकूनही पाहत नाही.

दुकानदार म्हणतो ती बहुतेक लेट्युस स्लग, एलिसिया क्रिस्पाटा. पाठीवर हिरव्या झालरी असलेली, शंख नसलेली. ती शेवाळ कुरतडत नाही. दातांची एकच रांग असते. दाताने पेशीला भोक पाडून आतला रस ओढते. ब्रायोप्सिसचा तंतू म्हणजे आडपडदे नसलेली एकच लांब नळी, म्हणून तो तिला सोयीचा. रसातली हरितलवकं, म्हणजे उजेडावर अन्न बनवणारे हिरवे कण, ती लगेच पचवत नाही, अंगात साठवते. त्यांच्यामुळे उपासात ती काही काळ तग धरते, एवढंच खरं. शेवाळ संपलं की ती दिवसेंदिवस आकसत जाते आणि शेवटी मरते. जिवंत प्राणी 'खाणं लागत नाही' म्हणून विकतात, याची मला मनापासून चीड येते.

शेवाळ जुळलं तर दोनच मागवा. पंपाच्या तोंडाला आधी स्पंज बांधा; तिथे ओढली गेली तर चिंधड्या होतात. टाकीत तांब्याचं औषध कधी पडलं असेल तर विचार सोडा. ती ज्या पिशवीतून येईल त्या पिशवीत टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळा, घाई नको. आणि बाजूला एका बरणीत, दिव्याखाली, तेच शेवाळ वाढवत ठेवा. पुढे तेच तिचं जेवण.

दुकानदार 'समुद्री ससा' (डोलाबेला, हीही एक समुद्री गोगलगायच) देतो म्हणाला तर नाही म्हणा. तो हातभर वाढतो, आणि डिवचला तर जांभळी शाई सोडतो.

मुळात शेवाळ वाढतंय नायट्रेट आणि फॉस्फेटवर. रंकाळा तलावात सांडपाणी मिसळलं की पाणी हिरवं पडतं, त्यातलाच प्रकार. नळाचं पाणी वापरत असाल तर थांबवा. आरओ-डीआय यंत्राने क्षार काढून शुद्ध केलेलं घ्या, त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्याजवळ हवा. माशांचं खाणं निम्म्यावर आणा. हे केलं नाही तर गोगलगायीने कितीही खाल्लं तरी शेवाळ परत येणारच.

शेवाळ संपलं तर गोगलगायी ज्यांच्या टाकीत ते आहे त्यांना द्या. मालवणला जाताना समुद्रात मात्र सोडू नका. ती कॅरिबियनकडची आहे.