‘आधी इतके, नंतर इतके’ एवढ्यावर अहवाल उभा राहत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या कच्च्या मुलांसाठी तुम्ही गणित-भौतिकीचा ब्रिज कोर्स (पाया पक्का करणारा जादा वर्ग) घेता, आणि त्याच सीएसआर निधीतून (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशातून) दत्तक गावांमध्ये बायकांच्या अ‍ॅनिमियावर काम करता. चाचणीचे गुण वाढलेत, हिमोग्लोबिन वाढलंय, फीडबॅक फॉर्म उत्तम आलेत. आता इम्पॅक्ट रिपोर्ट लिहायचाय. एवढं पुरेल का?

निधी देणाऱ्यांना पुरेल. फोटो आणि दोन आलेख असले की बहुतेक कंपन्या खूश असतात. पण ‘खरंच काही झालं का, हे आम्हालाही कळायला हवं’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. कॉलेजातले कार्यक्रम आणि गावातले कार्यक्रम, दोन्हींचं मूल्यमापन मी करत आलोय. दोन्हीकडे घोडं एकाच ठिकाणी अडतं: आपण काहीच केलं नसतं तर काय झालं असतं?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन नावाचं गरीब शहर आहे. तिथे डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी वारंवार हॉस्पिटलात भरती होणारे रुग्ण हुडकून त्यांच्यामागे एक पथक लावलं. नर्स, समाजसेवक आणि आरोग्य कार्यकर्ते घरी जायचे, औषधं लावून द्यायचे, डॉक्टरांची वेळ घेऊन सोबत जायचे. रुग्णांच्या भरतीचं प्रमाण झपाट्याने घसरलेलं दिसलं. देशभर गाजावाजा झाला, 2013 साली ब्रेनर यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. कौतुकाची गोष्ट अशी की त्यांच्या संस्थेने स्वतःहून कठोर तपासणीला मान्यता दिली. 800 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली, एका गटाला पथकाची मदत आणि दुसऱ्याला नेहमीचे उपचार. 2020 मध्ये निकाल छापून आला. 180 दिवसांत पुन्हा भरती झालेले: मदतीच्या गटात 62.3%, दुसऱ्यात 61.7%. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. मदतीच्या गटाचं ‘आधी-नंतर’ पाहिलं तर आलेख अजूनही खाली उतरताना दिसत होता, फक्त ज्यांना पथकाची मदत मिळाली नव्हती त्यांचाही तसाच उतरत होता.

असं का होतं? माणसाला आपण निवडतो ते त्याच्या सगळ्यात वाईट काळात. तिथून बरेच जण आपसूकच थोडे वर येतात. आता तुमच्याकडे पाहा. शिबिरात ज्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं त्याच बायका तुम्ही घेतल्या, आणि पहिल्या चाचणीत जी मुलं तळाला होती तीच ब्रिज कोर्सला बसवली. त्या दिवशी ताप असलेला मुलगा, आदल्या रात्री होस्टेलवर झोप न झालेली मुलगी, यंत्राने जरा कमीच दाखवलेला एखादा आकडा, हे सगळे ‘कच्चे’ म्हणून तुमच्या यादीत आले. दुसऱ्या मोजणीत त्यांतले बरेच जण सुधारणारच, तुम्ही काही करा अगर करू नका.

उपाय एकच, तुलनेला कुणीतरी हवं. यासाठी लांब जायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला तेव्हा 39 गावांत काम चाललं आणि 47 गावं तुलनेसाठी होती. काम सुरू करायच्या आधी, 1993 पासून, दोन्हीकडच्या जन्म-मृत्यूंची नोंद सुरू झाली होती. 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या हिशेबात 62% उतरलेला होता. पुढे 2011 पासून आशाताईंमार्फत हाच कार्यक्रम देशभर गेला. नुसत्या 39 गावांचा ‘आधी-नंतर’ दाखवला असता तर एवढं वजन आलं नसतं.

तुम्हाला 47 गावं कोण देणार, हे मान्य. पण पुढच्या टप्प्यात समजा दहा नवी गावं घ्यायची आहेत आणि पहिल्या वर्षी पाचच झेपणार आहेत, तर ती पाच कोणती हे सरपंचांच्या आग्रहावर सोडू नका. ग्रामसभेत किंवा पंचायत समितीत सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा. उरलेली पाच पुढच्या वर्षी घ्या, मोजणी मात्र दहाही गावांत पहिल्या दिवसापासून. कुणावर अन्याय नाही, आणि तुलना आपोआप मिळाली. गावकऱ्यांना चिठ्ठीचा न्याय पटतो, कमिटीतल्या सरांना मात्र पटवावं लागतं.

कॉलेजात तर त्याहून सोपं. समजा 40 गुणांच्या खालची मुलं कोर्सला जातात. 38-39 वाल्यांत आणि 40-41 वाल्यांत असा काय मोठा फरक असतो? पुढच्या परीक्षांत या दोन टोळ्यांची तुलना करा. एका वर्षात मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतील, म्हणून तीन-चार बॅचेस एकत्र करा. ऐच्छिक कोर्स असेल तर मात्र सांभाळून. स्वतःहून आलेला मुलगा आणि न आलेला मुलगा मुळातच वेगळे असतात. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत 1988 साली मायरहॉफ शिष्यवृत्ती कार्यक्रम सुरू झाला. कृष्णवर्णीय मुलं विज्ञान-अभियांत्रिकीत पीएचडीपर्यंत पोचावीत हा हेतू. तिथल्या मूल्यमापकांनी तुलनेला कुणाला घेतलं? ज्यांची निवड झाली होती, पण ज्यांनी नकार देऊन दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेतला ती मुलं. तितकीच हुशार, तितकीच जिद्दी. त्यांच्यापेक्षा मायरहॉफची मुलं पीएचडीकडे वळण्याचं प्रमाण सुमारे 5 पट निघालं. मला हे डोकं फार आवडतं. वेगळा गट शोधावा लागला नाही, नकार दिलेल्यांची यादीच कामाला आली. तुमच्याकडे नाव नोंदवूनही वेळापत्रकामुळे येऊ न शकलेल्या मुलांची यादी असेलच की.

आता काय मोजायचं. विद्यापीठाच्या परीक्षेतला एम-1 चा (गणिताच्या पहिल्या पेपरचा) निकाल हे मोठं बेभरवशाचं माप आहे. पेपर दरवर्षी वेगळा, तपासणारे वेगळे, वर ग्रेसचे गुण. शिवाय तुमच्या जुन्या आकड्यांत 2020-21 च्या ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षांची बॅच असेल तर ती बाजूला काढा, तेव्हा केटी लागणं (विषय राहणं) हेच नवल होतं. संकल्पनांची एकच चाचणी आधी आणि नंतर द्या. भौतिकीत बलाच्या संकल्पनांची अशी चाचणी 1992 पासून आहे. रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये 62 कोर्सेसमधल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. त्यांचा हिशेब सोपा: जेवढे गुण मिळवायचे बाकी होते, त्यातले किती मिळवले? शंभरात 40 वरून 60 वर गेलेल्याने 60 पैकी 20 मिळवले, म्हणजे 0.33. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांची सरासरी 0.23 आली, मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांची 0.48. तुमचा आकडा काढून या दोन्हींशेजारी ठेवून पाहा.

फीडबॅक फॉर्मबद्दल थोडं कडू बोलतो. 2019 मध्ये हार्वर्डच्या भौतिकीच्या वर्गांत असं दिसलं की स्वतः गणितं सोडवायला लावलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, पण चाचणीत त्यांनाच जास्त येत होतं. छान व्याख्यान ऐकून उठलेल्यांचं उलटं. तेव्हा ‘अतिशय उपयुक्त’वर केलेल्या खुणा म्हणजे चहा-बिस्किटं वेळेवर मिळाली आणि सर प्रेमाने बोलले, एवढाच पुरावा. तो अहवालात द्या, पण शिकण्याच्या रकान्यात टाकू नका.

गावाकडे आणखी खड्डे आहेत. पहिलं हिमोग्लोबिन बोटाला टोचून आणि दुसरं शिरेतून रक्त काढून घेतलं असेल, तर फरक निव्वळ पद्धतीचाही असू शकतो. यंत्र एकच, पद्धत एकच, जमल्यास महिनाही तोच. हे महिन्याचं लोक विसरतात. पावसाळ्यात जुलाब, ताप, घरात धान्याची ओढ, तेव्हा पहिली मोजणी करून दुसरी डिसेंबरात केली की यश ठरलेलंच. आणि तुमची गावं ऊसतोडीच्या पट्ट्यात असतील तर दिवाळीनंतर अर्धं गाव कारखान्यावर असतं. जानेवारीत ज्या बायका सापडतात त्या ज्यांचं गावात भागतं त्या. पहिल्या यादीतल्या किती जणी दुसऱ्या मोजणीत नव्हत्या, हा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर हवा.

लोहाच्या गोळ्या किती वाटल्या हे लिहा, पण ते तुमचं काम झालं. किती पोटात गेल्या? जिने गोळ्या दिल्या त्याच आशाताईने ‘घेतल्या ना गं?’ विचारलं तर समोरची ‘हो ताई’च म्हणणार. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा आणि ‘गोळ्यांची पट्टी दाखवता का?’ असं विचारायला सांगा. नसतील घेतल्या तर कारण विचारा. शौच काळं होतं, मळमळतं, सासू म्हणते बाळ मोठं होईल आणि अडेल. ही कारणं कुठल्याही सरासरीपेक्षा पुढच्या वर्षी जास्त कामाला येतात. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना त्यांनीच काम केलेल्या गावात सर्वेक्षणाला पाठवू नका, गावांची अदलाबदल करा.

आणि एक गोष्ट मूल्यमापनाच्या आधीची. रक्त तपासताय तर संमती घ्या, कॉलेजच्या नैतिकता समितीपुढे कागद ठेवा. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 7 च्या खाली, किंवा गरोदर नसलेलीचं 8 च्या खाली निघालं, तर ती तुमच्या तक्त्यातली नोंद म्हणून राहता कामा नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचली पाहिजे, मग तुमची तुलना बिघडली तरी चालेल.

तुमच्या हातात तीन महिने आहेत, तेवढ्यात यातलं निम्मंही होणार नाही. या वर्षीच्या अहवालात जे मोजलंय ते सरळ लिहा, ‘यामुळे’ हा शब्द टाळा, आणि पुढच्या वर्षी तुलना कशी करणार याची दोन पानं जोडा. त्यात कोणता आकडा यश मानणार हे आत्ताच लिहून तारीख घाला. पुढच्या वर्षीच्या बजेटमधून मूल्यमापनाला वेगळी रक्कम मागा. दहा टक्के मागितले तर पाच मिळतात, हा माझा अनुभव. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा इथे टाकलात तर बघून सांगतो. तेवढं प्रश्नावलीतलं ‘आमच्या कार्यक्रमाचा तुम्हाला कसा फायदा झाला?’ हे आधीच काढून टाका.