माटोळी कोण बांधणार?

"मॅडम, भावजी चवथीला आले नाहीत तर माटोळी कोण बांधणार?"

माटोळी म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर बांधायची फळापानांची सजावट. जुलैतल्या भर पावसाच्या दुपारी समुपदेशनासाठी समोर बसलेल्या वहिनींनी हे विचारलं, तेव्हा मला वाटलं जमिनीचा वाद असेल. गोव्यात भाऊ भाऊ बोलेनासे झाले की बहुधा तेच निघतं. पण फोंडा तालुक्यातल्या त्या घरात दोन चुली होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि वाटणीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भांडण होतं ते काश्मीरमधल्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर सरकारने काय करायला हवं होतं, यावरून. (घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

22 एप्रिल 2025 ला तिथे 26 माणसं मारली गेली, तेव्हा दोघे भाऊ सारखेच हादरले होते. 7 मे रोजी ऑपरेशन सिंदूरमध्ये नऊ तळांवर मारा झाल्याची बातमी आली आणि धाकट्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "आता थांबायचं नाही." थोरला लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्याने उत्तर टाकलं, "टीव्हीसमोर बसून बोलायला काय जातं?" 10 तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. थोरल्याने लिहिलं, "बरं झालं." धाकट्याने त्याला देशद्रोही म्हटलं, त्याने धाकट्याला रक्ताचा तहानलेला म्हटलं आणि ग्रुप सोडला. त्याच ग्रुपवर दर वर्षी कांगलं, माट्टी, सुपारीचे घोस कुणी आणायचे ते ठरतं.

मे महिन्यापासून असे प्रश्न माझ्याकडे बरेच आले. विचारणारी बहुधा घरातली बाई असते, आणि तिची चिंता एकच: मी कुणाची बाजू घेऊ? वहिनींना मी सांगितलं, बाजू घेऊ नका, आणि निरोप पोचवणंही आजपासून बंद करा. त्या दोन महिने एकाचं बोलणं मऊ करून दुसऱ्याच्या कानावर घालत होत्या. त्यामुळे भाऊ एकमेकांशी न बोलताही भांडू शकत होते, आणि वहिनींची झोप उडाली होती.

आईंनी अट घातली म्हणून दोघे आले. आई 79 वर्षांच्या.

पहिल्या बैठकीत मी चूक केली. वाटलं, घटना नीट मांडल्या तर डोकी शांत होतील. फळ्यावर लिहिलं: 2001 संसद, 2008 मुंबई, 2016 उरी, 2019 पुलवामा, 2025 पहलगाम. धाकटा म्हणाला, "2008 ला मारलं नाही, म्हणून 2016 झालं. तेव्हा पर्रीकर संरक्षणमंत्री होते, आपल्या गोव्याचा माणूस, म्हणून सर्जिकल स्ट्राइक तरी झाला." थोरला म्हणाला, "मग 2016 ला मारलं, 2019 ला बालाकोटला मारलं, तरी 2025 झालंच ना?" दोघांना सगळ्या तारखा पाठ होत्या. मी फळा पुसला.

पुढच्या खेपेला एकच प्रश्न विचारला: तुमचं हे मत कधीपासून आहे? एकाने सांगायचं, दुसऱ्याने त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही, आठवडाभराने द्यायचं.

धाकट्याने खूप वेळ घेतला. 26 नोव्हेंबर 2008 ला तो मुंबईत नोकरीला होता, गावच्या जत्रेसाठी रात्रीची कोकणकन्या पकडायला सीएसटीवर आला होता. बॅग शेजारच्या कुटुंबाकडे ठेवून पाणी आणायला बाहेर गेला आणि तेवढ्यात गोळ्या सुटल्या. त्या स्थानकात पन्नासहून जास्त माणसं मेली. ते कुटुंब वाचलं की नाही, त्याला आजही माहीत नाही. घरी त्याने फक्त 'गाडी चुकली' एवढंच सांगितलं होतं. कसाबला 2012 मध्ये फाशी झाली, कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून आणायला 2025 चा एप्रिल उजाडला, आणि पलीकडून सूत्रं हलवणारे मोकळेच. सरकारने एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा काढली, पुराव्यांची कागदपत्रं पाठवली. "कागद पाठवले, दादा," तो म्हणाला. ठरल्याप्रमाणे दादा गप्प राहिला. बायकोने पुढे केलेलं पाणीही त्याने घेतलं नाही.

आठवड्याने थोरला बोलला. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रमसाठी सैन्य सीमेवर गेलं, त्यात तो राजस्थानात होता. सुरुंग पेरायचे. त्याच्या तुकडीतला एक मुलगा स्वतः पेरलेल्या रांगेतच गेला. सुमारे दहा महिन्यांनी, युद्ध न होताच, सगळे परत फिरले. त्या मुलाच्या घरी पत्र लिहायचं काम याच्याकडे आलं होतं. "काय म्हणून लिहू, ते सुचत नव्हतं. लोक 'थांबू नका' म्हणतात तेव्हा मला तो कोरा कागद दिसतो."

दोघांपैकी कुणीही मत बदललं नाही, आणि ते बदलावं असा माझा प्रयत्नही नव्हता. माझं स्वतःचं मत आहे, ते मी खोलीत आणत नाही. हल्ला करणाऱ्यांना आणि त्यांना पोसणाऱ्यांना शिक्षा व्हावी, हे दोघांनाही हवंच होतं. वाद कशाने आणि किती किमतीत, एवढाच होता, आणि तो लोकशाहीत व्हायलाच हवा. पण 'देशद्रोही' ऐकलं की माणूस धोरणाबद्दल बोलणं सोडून आपली अब्रू वाचवायला लागतो. म्हणून दोनच गोष्टी ठरवल्या. ग्रुपवर चवथीखेरीज काही लिहायचं नाही. वाद घालायचा तर समोरासमोर, बातम्या बंद करून, आणि ते दोन शब्द वर्ज्य.

आईंनी मध्येच 1967 ची आठवण काढली. 16 जानेवारीच्या जनमत कौलात त्यांच्या सासऱ्यांनी गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणासाठी फुलाला मत दिलं, चुलत सासऱ्यांनी गोवा वेगळा राहावा म्हणून दोन पानांना. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. दोघे म्हातारे पाडव्यापर्यंत बोलत नव्हते. "पण आरतीची झांज कुणी सोडली नाही," आई म्हणाल्या. धाकट्याने हे कधी ऐकलंच नव्हतं.

27 ऑगस्टला चवथ होती. वहिनींचा फोन दोन दिवसांनी आला. आदल्या दिवशी धाकटा फोंड्याच्या बाजारातून आंबाडे आणि तवशी घेऊन आला, थोरल्याने रानातलं आणलं. एकजण स्टुलावर, दुसरा खालून दोर देत, दोन तासांत माटोळी बांधून झाली. रात्री जेवताना सिंधू पाणी करारावरून पुन्हा जुंपली. आवाज चढले. धाकटा नऊला उठून निघून गेला.

"आणि मग?" मी विचारलं.

"सकाळी सहाला आला. नैवेद्याचे नारळ सोलायला."