देशाची संस्कृती आणि कंपनीची आचारसंहिता

प्रश्न : मी पुण्यात व्यवस्थापनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून मनुष्यबळ व्यवस्थापन हा माझा विशेष विषय आहे. वर्गात डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांचे, देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे निकष शिकवले जातात. परंतु बहुराष्ट्रीय कंपनीच्या कारभारात देशाची संस्कृती नेमकी कोठे आडवी येते, हे त्यांतून उमगत नाही. कृपया उदाहरणासह सांगावे.
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आपल्या शंकेत तथ्य आहे. हॉफस्टेड यांचे मूळ निकष १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. त्यांतून देशांच्या सरासरीची तुलना होते. एखादे धोरण तेथे टिकेल की नाही, हे कळत नाही. माझ्या मते संस्कृतीचा जोर माणसांच्या स्वभावापेक्षा त्या देशाने घडवलेल्या संस्थांमधून आणि कायद्यांमधून अधिक जाणवतो.

वॉलमार्ट ही अमेरिकी कंपनी १९९७ च्या अखेरीस वेर्टकाउफ ही दुकानांची साखळी विकत घेऊन जर्मनीत उतरली आणि २००६ मध्ये आपली दुकाने मेट्रो या जर्मन समूहाला विकून बाहेर पडली. ग्राहकाकडे पाहून हसण्याची सक्ती जर्मनांना रुचली नाही, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. मला ती किरकोळ वाटते. खरा पेच २००५ मध्ये पडला. कंपनीने लागू केलेल्या आचारसंहितेत सहकाऱ्यांमधील प्रेमसंबंधांवर निर्बंध होते आणि कोणी नियम मोडल्यास ते कळवण्यासाठी हॉटलाइन होती. अमेरिकेत अशा संहितेमागे लैंगिक छळाच्या खटल्यांची धास्ती असते आणि कामगार संघटना नसलेल्या दुकानात मालक ती एकतर्फी लागू करू शकतो. जर्मनीत मात्र १९७२ च्या कायद्यानुसार, किमान ५ कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेतही कर्मचाऱ्यांना आपल्या प्रतिनिधींची परिषद निवडता येते, आणि जेथे ती आहे तेथे वर्तनाचे नियम ठरवताना तिला डावलता येत नाही. परिषद न्यायालयात गेली. ड्युसेलडोर्फच्या राज्य कामगार न्यायालयाने त्याच वर्षी प्रेमसंबंधांवरील कलम घटनेने दिलेल्या व्यक्तिगत हक्कांविरुद्ध ठरवले आणि हॉटलाइनच्या बाबतीत परिषदेचा सहनिर्णयाचा अधिकार, म्हणजे मालकाबरोबरीने निर्णय घेण्याचा हक्क, मान्य केला.

एकाच शतकात खबऱ्यांवर पोसलेल्या दोन राजवटी (नाझी आणि पूर्व जर्मनीतील साम्यवादी) पाहिलेल्या देशात सहकाऱ्याची माहिती वर पोहोचवण्याचे कर्तव्य नकोसे वाटणे स्वाभाविकच होते. पण ती नाराजी कुजबुजीत विरली नाही, कारण तिला न्यायालयापर्यंत नेणारी संस्था हाताशी होती. (वॉलमार्टच्या तोट्याचे खापर मात्र या संहितेवर फोडू नये, आल्डीसारख्या स्वस्त दुकानांशी स्पर्धा हे त्याहून मोठे कारण होते.)

आपल्याकडे हा अधिकार वेगळ्या हातात राहिला. १९४६ च्या स्थायी आदेश (म्हणजे आस्थापनेतील नोकरीच्या अटी व नियम) कायद्यात वर्तनाच्या नियमांवर कामगारांचे म्हणणे ऐकले जाई, पण ते प्रमाणित करण्याचा निर्णय सरकारी अधिकाऱ्याचा असे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कार्यसमितीचे, म्हणजे मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींच्या समितीचे, काम सलोखा आणि चर्चा यांपुरतेच होते. त्यामुळे एकाच जर्मन कंपनीच्या चाकणमधील आणि जर्मनीतील मनुष्यबळ अधिकाऱ्यांचे हात सारखे बांधलेले नसतात. या विषयावर प्रकल्प करायचा असल्यास दोघांनाही विचारावे : कामाच्या वेळा बदलण्यापूर्वी आपण कोणाची मान्यता घेता, आणि ती न मिळाल्यास पुढे काय होते?