कल्ला उघडून बघ

प्रिय मुला,

तुझे पत्र मिळाले. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्यास आणि तिसऱ्या ओळीपासून शिव्या. राग नाही आला, ओळख पटली. पंचवीस वर्षांपूर्वी माझीही पत्रे अशीच असायची. फरक एवढाच की मी ती आग्वादच्या तुरुंगातून लिहायचो आणि तू कोलवाळच्या तुरुंगातून लिहितोस.

तू म्हणतोस, गोड बोलणाऱ्याला बराकीत मऊ समजतात आणि त्याच्या वाटणीचा साबणही उचलून नेतात. पुढे लिहितोस की मागच्या मुलाकतीत, जामिनाचा अर्ज अजून का घातला नाही म्हणून तू बहिणीला नको ते बोललास आणि ती वेळ संपायच्या आधीच उठून गेली. शेवटी विचारतोस, ‘काका, मग मी मुकाच होऊ का?’

नको. मुका होऊ नकोस. कल्ला उघडून बघ.

माझी आई पेडण्यात डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकायची. बांगडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ती अंगठ्याने त्याचा कल्ला उचलायची. लाल असला तर द्यायची. काळपट असला तर एक शब्द न बोलता पाटीच्या मागच्या बाजूला सारायची. गिऱ्हाइकाने तपासण्याआधी आपण तपासायचे, एवढाच तिचा धंद्याचा नियम. ती शाळेत गेली नव्हती आणि बायबल तिने कधी हातात धरले नाही. तरी बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौलाने जे लिहिले, ‘तुमच्या मुखातून कसलेच कुजके भाषण न निघो’, ते मला वाचताक्षणी कळले ते तिच्यामुळे. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो ‘कुजके’ शब्द आहे, तोच मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात जाळ्यातून काढून फेकून दिलेल्या माशांसाठी आला आहे. हे मला एका पाळकाने सांगितले तेव्हा मी मोठ्याने हसलो. ते बिचारे गोंधळले.

आणि हे पत्र पौलाने लिहिले कुठून? कैदेतून. त्यात तो स्वतःला साखळीने जखडलेला वकील, म्हणजे राजदूत, म्हणवतो. तेव्हा ‘आत राहून बघा म्हणजे कळेल’ हे मला ऐकवू नकोस. त्यालाही नको आणि मलाही नको.

माझी हकिगत तू अर्धवट ऐकली आहेस. पूर्ण ऐक. तावेर्नमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसलो होतो. समोरच्याशी काजूच्या बागायतीच्या कुंपणावरून जुना वाद. मी त्याच्या बायकोबद्दल एक वाक्य बोललो. त्याने मला थोबाडीत दिली, मी सोडाबाटली फोडली आणि त्याचा एक डोळा गेला. कलम 326, चार वर्षे. पहिला हात मी उचलला नव्हता हे मी कोर्टात सांगितले, आईला सांगितले, आणि खरे सांगू, आजही सांगावेसे वाटते. कारण ते खरेच आहे! पण बाटलीचे तुकडे मुद्देमाल म्हणून कोर्टात आले, त्यांना सील लागले, नंबर लागला. माझे वाक्य कुणी जप्त केले नाही. ते अजून गावात मोकळे फिरते आहे.

म्हणून सांगतो, कल्ला उघडून बघ.

आता तुझा मऊपणाचा मुद्दा. चांगले बोलणे म्हणजे गोड बोलणे असे तुला कुणी शिकवले? फिलिप्पैच्या तुरुंगात भूकंपाने दारे उघडली. कैदी पळाले असे समजून तिथला अधिकारी स्वतःच्या तलवारीने जीव द्यायला निघाला, तेव्हा पौल चक्क ओरडला: स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. ते ओरडणेही चांगले भाषण. बराकीत कुणी नव्या पोराला त्रास देत असेल तर दरडावून ‘सोड त्याला’ म्हण, मी अडवणार नाही. साबण गेला तर ‘माझा साबण दे’ म्हण. त्यात त्याच्या आईला आणायची गरज काय?

गप्प बसून आतल्या आत धुमसणे यालाही मी सहनशीलता म्हणत नाही. बर्फात घातला म्हणून कुजका बांगडा ताजा होत नाही. बायबलातल्या योसेफाकडे बघ. खोट्या आळाने तुरुंगात पडलेला पोरगा, तरी सकाळी सोबतच्या दोन कैद्यांची तोंडे उतरलेली पाहून विचारतो, आज तुम्ही असे उदास का? त्यातला एक सुटून गेला, ‘माझी आठवण ठेव’ ही योसेफाची विनवणी विसरला, आणि योसेफ आणखी पुरती दोन वर्षे आत राहिला. दोन वर्षे! तुला दोन तारखा पडल्या तर तू बहिणीवर ओरडतोस. (मी एका तारखेवर ओरडायचो, म्हणून मला बोलायला तोंड नाही. तरी बोलतो.)

एक गोष्ट आणखी, आणि ती लिहिताना हात जड होतो. सुटल्यावर, प्रभूला ओळखल्यावर, मी त्या माणसाच्या घरी गेलो. क्षमा मागायला. ओसरीवर बसलो आणि अर्धा तास माझी साक्ष सांगितली: मी कसा होतो, देवाने मला कसे बदलले, मी आता कसा आहे. तो एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, ‘तुझे झाले का?’ मी उठलो. पायऱ्या उतरताना लक्षात आले की त्याला तू कसा आहेस हे मी विचारलेच नव्हते. पौल नुसते ‘चांगले बोला’ म्हणत नाही. ‘गरजेप्रमाणे’ म्हणतो, ऐकणाऱ्याच्या गरजेप्रमाणे. माझ्या त्या अर्ध्या तासात एकही शिवी नव्हती, सगळी देवाचीच नावे होती, आणि तरी कल्ला काळा होता.

तुझी जीभ एकदोनदा घसरेल. महायाजकाच्या हुकमाने तोंडात मारले गेले तेव्हा पौलसुद्धा त्याला ‘चुना लावलेल्या भिंती’ म्हणून गेला. हा महायाजक आहे हे कळल्यावर तिथेच, सगळ्यांसमोर, त्याने माघार घेतली. तुलाही तेवढेच करायचे आहे. चार दिवस थांबून, शब्द जुळवून नव्हे. लगेच.

स्तोत्र 141 रोज सकाळी गिनतीच्या आधी म्हण. दावीद त्यात देवाकडे तोंडावर पहारा मागतो. पहारा म्हणजे काय, हे तुला मी समजावायला नको.

पुढच्या मुलाकतीला बहीण आली, येईलच ती, तर वकिलाचे नाव काढण्याआधी तिला विचार की म्हापशाहून बस वेळेवर मिळाली का, सकाळी काही खाऊन निघालीस का. तेवढेच विचार आणि तिला बोलू दे. ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझा,
काका

ता. क. तो माणूस अजून बाजारात दिसतो. मी रस्ता बदलतो. यावर तू मला काही लिहू नकोस.